वाफसा येईपर्यंत: शाळेतल्या परसबागेचं पहिलं वर्ष

एप्रिल २०२४ मध्ये मी माहेरी गेले होते. कोल्हापूरहून सतरा-अठरा किलोमीटरवर, भोगावतीच्या काठाला आमचं गाव. सोप्यात बसून मेथीचं बी निवडत होते. भावाची नात आणि तिच्या तीन मैत्रिणी शेजारी येऊन बसल्या. मी विचारलं, "हे काय सांगा बघू?"

"मेथ्या. लाडवात घालतात त्या."

"आणि हे पेरलं तर काय उगवंल?"

चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी एक हळूच म्हणाली, "मेथ्याचं झाड."

याच पोरींनी मग मला उसाच्या आडसाली, सुरू आणि खोडवा या प्रकारांतला फरक सांगितला. कुणाच्या रानात ८६०३२ जातीचा ऊस आहे, कुणाच्या रानात २६५ जातीचा, कुणाची तोड लांबली, हे सगळं त्यांना पाठ होतं. चौघीही शेतकऱ्याच्या पोरी. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की रान. पण त्या रानात नजर जाईल तिथवर ऊस आणि घरातली भाजी आठवडी बाजारातून पिशवीत येते. माझी आई उसाच्या सरीत कोथिंबीर टाकायची, बांधावर घेवड्याचा वेल सोडायची. आता बांधच एवढे कोरले गेलेत की त्यावरून धड चालताही येत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं शिक्षण गृहविज्ञानाचं. लग्नानंतर अकरा वर्षं फळप्रक्रियेच्या कारखान्यात काम केलं, लोणची आणि जॅम यांच्या तपासणीचं. आता घरीच असते. आपल्याला जे येतं ते गावच्या शाळेत जाऊन शिकवावं असं ठरवलं. पाचवी ते सातवीची मुलं, दर शनिवारी सकाळी दोन तास. पेरायचं, काढायचं, टिकवायचं, शिजवायचं. कागदावर हे चार शब्द होतात, प्रत्यक्षात वर्ष गेलं. कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर त्यांना कुठे थांबावं लागेल याचा अंदाज यावा म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

२४ एप्रिलला मुख्याध्यापिका बाईंना भेटले. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. पाचवी ते सातवीचा पट चौतीस. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परसबाग आमच्याकडं कागदावर आहेच. तुम्ही येणार असाल तर मला आनंदच आहे. पण तुम्ही चार शनिवार याल आणि बंद व्हाल, असं व्हायला नको. मुलं वाट बघत बसतात." ते वाक्य मी वर्षभर लक्षात ठेवलं. ताप असतानाही दोन शनिवार गेले ते त्यामुळेच.

सुट्टीत जागा बघितली. हात धुण्याच्या नळांच्या मागे साधारण दीड गुंठा मोकळी जमीन होती. गाजरगवत आणि फुटक्या कौलांचा ढीग. पण मुलांच्या जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं हात धुण्याचं पाणी तिकडेच वाहून जात होतं, म्हणजे पाण्याचा प्रश्न आपोआप सुटणार होता. तुमच्या शाळेत जागा निवडायची असेल तर आधी पाणी कुठे जातं ते बघा, मग ऊन.

मातीचा नमुना मीच काढला. आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो राहू द्यायची. झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. सावलीत वाळवून कापडी पिशवीतून कोल्हापुरात तपासणीला दिली. एकोणीस दिवसांनी अहवाल मिळाला. सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा, ७.८, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. म्हणजे माती भुकेली होती. पुढे शाळा सुरू झाल्यावर मी हा अहवाल सातवीच्या फळ्यावर उतरवून दाखवला. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मातीचं पण हिमोग्लोबिन बघत्यात." मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

१५ जूनला शाळा उघडली. २० जूनला शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे इथे जे ठरतं ते गावात पोचतं. परसबागेला कुणाची हरकत नव्हती. एका पालकांनी अर्धी ट्रॉली शेणखत फुकट देऊ केलं. स्वयंपाकाचा विषय निघाला तेव्हा मात्र खोली गार पडली. एक आई म्हणाली, "घरात पोरगी भाकऱ्या थापतीच की ओ. शाळेत पुस्तक शिकवा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. आपल्या पोरीचं आयुष्य चुलीपाशी जाऊ नये म्हणून ती तिला शाळेत पाठवते आणि मी शाळेतच चूल आणायला निघाले होते. मागे बसलेले एक वडील म्हणाले, "आणि पोरानं भाकरी शिकून काय करायचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा बाईंनी डोळ्यांनी थांबवलं. बरं झालं. ठराव एवढाच झाला: परसबाग सुरू करावी, विस्तवाचं काम वरिष्ठ कार्यालयाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आल्यावर.

२६ जूनला शाळेचं पत्र केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षण कार्यालयाकडे गेलं. १८ जुलैला परत आलं. ठरावाची साक्षांकित प्रत जोडलेली नव्हती, माझं ओळखपत्र नव्हतं आणि मी मानधन मागणार नाही असं हमीपत्र नव्हतं. तीनही गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर एका दिवसात झाल्या असत्या. तुम्ही अर्ज कराल तेव्हा ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, आधारची प्रत, शिक्षणाचं प्रमाणपत्र, मानधन न घेण्याचं हमीपत्र आणि वर्षाचा महिनावार आराखडा हे सगळं पहिल्याच फेरीत जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

दरम्यान २९ जूनला आम्ही पहिली पेरणी केली होती. मेथी, लाल माठ, भेंडी, गवार. मुलं नवीन खुरपी घेऊन अशी सज्ज उभी होती की मलाही धीर निघाला नाही. जमीन पुरती निथळली नव्हती, वाफे सपाट होते. जुलैचा पाऊस आपल्याकडे कसा पडतो ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान मुलांनाही माहीत असतात. २५ जुलैच्या सुमाराला धोक्याची पातळी ओलांडली. आमच्या गावातल्या खालच्या आळीची घरं रिकामी करून माणसं शाळेत आली. पाच दिवस वर्गात संसार मांडलेले होते. मी कोल्हापुरात अडकलेली. परसबागेचा विचार मनात आला की लाज वाटायची, लोकांची जनावरं पाण्यात असताना मेथीचं काय घेऊन बसलीस असं वाटायचं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी पोचले तेव्हा वाफ्यांच्या जागी गाळ होता. मुलांनी बोटांनी उकरून कुजलेलं बी मला आणून दाखवलं. काही पोरं रडवेली झाली होती. मी लगेच पुन्हा पेरू या म्हणणार होते. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस मावशी दारातून म्हणाल्या, "आत्याबाई, वाफसा येऊ द्या की आधी."

वाफसा हा शब्द मुलांनी घरी ऐकला होता, पण तो हाताला कसा लागतो ते कुणी दाखवलं नव्हतं. मावशींनीच दाखवलं. मूठभर माती घेऊन दाबली, गोळा झाला. गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकला, तो तसाच राहिला. "अजून ओली हाय." पुढच्या शनिवारी, १० ऑगस्टला, तोच गोळा पडल्यावर भुगा होऊन पसरला. मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे अशी ती अवस्था. बियाला दोन्ही लागतं. आमचं पहिलं बी हवेवाचून गुदमरून गेलं होतं.

त्या दिवसापासून मावशी आमच्या शिक्षिका झाल्या. नंतर मी माझ्या आराखड्यात त्यांचं नाव माझ्या नावाच्या वर लिहिलं.

या वेळी गादीवाफे केले. वीतभर उंच, एक मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. बी जेवढं जाड तेवढीच वर माती, फार तर दुप्पट. मेथी आणि शेपू ओळीत टाकले, फेकून नाही. ओळीत असलं की तण कुठलं आणि भाजी कुठली हे नवख्या पोरांना कळतं. शेपूचा आग्रह माझा होता. गौरी १० सप्टेंबरला येणार होत्या. आपल्याकडे गौरी घरात येते त्या दिवशी तिला शेपूची भाजी आणि भाकरी लागते. एकतीस दिवस हातात होते. शेपू त्यात पुरा वाढत नाही, पण कोवळा काढता येतो.

ऑगस्टच्या अखेरीस कार्यालयातून निरोप आला की शाळेत नियमित येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीची पोलीस चारित्र्य पडताळणी लागेल. मुलांच्या सुरक्षिततेविषयी राज्यभर नवे आदेश निघाले होते. गावात कुणीतरी मला म्हणालं, "तुमची कसली पडताळणी, तुम्ही गावच्या लेकी." मला ते पटलं नाही. गावची लेक असो की कुणी असो, मुलांमध्ये वावरणाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. ३१ ऑगस्टला ऑनलाइन अर्ज केला, फी सव्वाशेच्या आत होती, ठाण्यातून फोन आला, जाऊन आले, १६ सप्टेंबरला दाखला हातात पडला. हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका, त्याला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

९ सप्टेंबरला शेपू काढला. पहाटे पाऊस पडून गेला होता, शाळेच्या मागे सगळीकडे त्याचाच वास. मुळासकट उपटायचा, मुळं नळाखाली धुवायची, केळीच्या सोपटानं पेंडी बांधायची. चौतीस मुलांना एकेक लहान पेंडी आली, दोन उरल्या त्या बाईंना आणि मावशींना. मुलं त्या पेंड्या दप्तरात न घालता हातात धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या वहिनीचा फोन. गल्लीतल्या चार घरांत गौरीच्या नैवेद्याला शाळेतला शेपू होता. ज्या आईनं बैठकीत विरोध केला होता तिनं वहिनीला सांगितलं होतं की पोरगी स्वतः भाजी निवडायला बसली, एकही काडी वाया घालवू दिली नाही, आणि तिच्या भावालाही शेजारी बसवलं. तोपर्यंत चौतीसपैकी एकोणीस संमतीपत्रं आली होती. गणपती झाल्यावरच्या शनिवारी आणखी बारा आली. उरलेली तीन दिवाळीनंतर. त्यांतलं एक त्या मागे बसलेल्या वडिलांचं होतं. मी त्यांना काहीच समजावलं नव्हतं.

संमतीपत्र छापताना एक गोष्ट विसरू नका: मुलाला कशाची ॲलर्जी आहे का, हा रकाना. आमच्याकडे एका मुलीला शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठायच्या. त्या एका रकान्यामुळे कळलं. वर्षभर आमच्या कोशिंबिरीत आणि चटणीत दाण्याच्या कुटाऐवजी तीळ किंवा सुकं खोबरं राहिलं.

गटशिक्षण कार्यालयाचं पत्र २७ सप्टेंबरला आलं. तीन महिने. त्यानंतर सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाची शिक्षकांची ड्युटी. म्हणजे विस्तवावरचा पहिला पदार्थ व्हायला ३० नोव्हेंबर उजाडला. ही रखडपट्टी मला तेव्हा फार लागली. पण त्या काळात विस्तवाशिवायचं पुष्कळ झालं. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणले, मुळ्याची आणि काकडीची कोशिंबीर केली, ताक घुसळलं. सुरी धरायला शिकलो. पाटाखाली ओलं फडकं ठेवायचं म्हणजे तो सरकत नाही, भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवायची, सुरी दुसऱ्याला देताना हातात न देता खाली ठेवायची. वर्षभरात एक बोट कापलं, तेही थोडं. गवारीवर मावा पडला तेव्हा निंबोळ्या कुटून, लिटरला पन्नास ग्रॅम या हिशेबानं रात्रभर भिजवून, गाळून फवारल्या. दोनदा फवारल्यावर आटोक्यात आलं.

शिजवण्यासाठी बाईंनी अटी घातल्या होत्या आणि त्या रास्त होत्या. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात जायचं नाही. तिथल्या तांदळाच्या दाण्यालाही हात लावायचा नाही, कारण त्याचा साठा रोज नोंदवहीत जुळवावा लागतो. आपली शेगडी वेगळी, व्हरांड्यात, वाऱ्याच्या आड. शेगडीपाशी एका वेळी दोनच मुलं आणि एक मोठं माणूस. पाचवीच्या मुलांनी विस्तवाला हात लावायचा नाही, त्यांनी मोजमाप आणि नोंदी करायच्या. पोषण आहारात जशी मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव घेऊन नोंद करायची असते, तशी आम्हीही वही ठेवली. त्या वहीत पाचवीच्या मुलांनी लिहिलेल्या नोंदी माझ्यासाठी फार मोलाच्या आहेत. "वरण चांगले पण हळद कच्ची लागते." "भात मऊ झाला, माझ्या आजीला चालेल."

तो भात पहिल्याच दिवशीचा. वाटीला दोन वाट्या पाणी, असं मीच सांगितलं होतं. मुलांनी घरून आणलेला तांदूळ त्या महिन्यातल्या कापणीचा होता. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. एका गटाचा भात झाला, तीन गटांची पेज झाली. ज्यांचा जमला त्यांनी मावशींना विचारलं होतं.

डिसेंबरमध्ये मेथी भरपूर आली, मुलं खाऊन कंटाळली, तेव्हा टिकवण्याचा धडा आपसूक सुरू झाला. निवडलेली एक किलो मेथी पत्र्यावर कडक उन्हात आणि एक किलो सावलीत, वाऱ्याला, पातळ फडक्याखाली. दोन्हींचं वजन शेवटी एकशे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे पानात बहुतेक पाणीच. पण उन्हातली मेथी पिवळट झाली, सावलीतली हिरवी राहिली आणि वासही टिकला. पाणी नाही म्हणून बुरशीला आणि जंतूंना जगता येत नाही, हे सांगायला मग दोनच वाक्यं लागली.

लिंबाच्या लोणच्यानं मात्र एक आठवडा खराब घालवला. पाच बरण्या घातल्या होत्या, किलोला दोनशे ग्रॅम मीठ. बाराव्या दिवशी एका बरणीत वर पांढरा थर. कुणीतरी ओला चमचा घातला होता, कबूल कुणी करेना. मुलं म्हणाली वरचं काढून टाकू, खालचं चांगलं असेल. घरोघरी असंच करतात. पण बुरशीचे धागे आणि तिचं विष दिसणाऱ्या थराच्या खालीही गेलेलं असतं, म्हणून बरणी संपूर्ण टाकायची. ती खड्डा खणून पुरताना माझाही जीव खालीवर झाला, कारण लिंबं मुलांनी घराघरांतून मागून आणली होती. पुढच्या शनिवारी एक मुलगी मला एकटीला गाठून म्हणाली, "आत्या, चमचा मी घातलेला." मी तिला उरलेल्या चार बरण्यांची राखणदार केलं. त्या चारही एप्रिलपर्यंत टिकल्या.

१३ जानेवारीला भोगी. वांगी, गाजर, घेवडा आणि ओला हरभरा, यांतलं गाजर सोडून सगळं आमच्या वाफ्यांतलं. तिळाचं कूट घालून भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी. भाकऱ्या करायला सहा आया आपणहून आल्या. आदल्या शनिवारी मी भाकरीचा प्रयत्न केला होता आणि सगळ्या चिरल्या होत्या. एका आईनं पीठ चिमटीत घेऊन सांगितलं, "विरी गेलीया ह्याची. दळून किती दिस झालं?" विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. वीस दिवस झाले होते. या वेळी आदल्या संध्याकाळी दळून आणलं, गरम पाण्यात मळलं. सातवीतल्या एका मुलाची भाकरी टम्म फुगली तेव्हा सगळा व्हरांडा ओरडला. तो मुलगा त्या मागे बसलेल्या वडिलांचाच होता. वडील ऊसतोडीच्या गडबडीत होते, आले नव्हते. मुलानं ती भाकरी खाल्ली नाही, फडक्यात बांधून रानात नेली.

१८ जानेवारीला गुऱ्हाळावर गेलो. खरं तर हा दिवस मी आराखड्यात धरलाच नव्हता. संक्रांतीचे तिळगूळ करताना एका मुलीनं विचारलं, "आत्या, रस का टिकत नाही आणि गूळ का टिकतो?" तेव्हा लक्षात आलं की टिकवण्याच्या शास्त्राचं सगळ्यात मोठं उदाहरण गावाच्या वेशीवर धुराडं सोडत उभं आहे आणि मी लिंबं घेऊन बसले आहे.

काढलेला रस दोन-तीन तासांत आंबायला लागतो. तोच रस काईलीत, म्हणजे गुऱ्हाळावरच्या मोठ्या कढईत पडतो, चुलाणाला चिपाडाचा जाळ, मग मळी वर येते. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की ती मळी गोळा होऊन फेसाबरोबर वर तरंगते, ती काढून टाकायची. पाणी उडत जातं, रस तांबूस होतो. गुळव्या हा त्या सगळ्याचा धनी. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. त्यानं काठीवरचा पाक पाण्यात बुडवला, बोटांनी गोळी केली, कढईच्या कडेवर आपटली. टण्ण आवाज आला. "झाला." मी सोबत थर्मामीटर नेला होता, काटा ११८ अंशांवर होता. मुलांनी ते दोन्ही वहीत लिहून घेतलं, आवाज आणि आकडा.

शंभर किलो उसाचा दहा-बारा किलो गूळ. बाकीचं चिपाड, मळी आणि वाफ. मेथीच्या पानांचं जे झालं तेच उसाचं झालं, हे मुलांनीच मला सांगितलं. परतताना मी त्यांना कोल्हापुरातल्या शाहूपुरीची गोष्ट सांगितली, की राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ती पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापारानं ती नावारूपाला आली. एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचा ऊस कारखान्याला जातो. त्याचं काय होतंय ते आम्ही कधी बघितलंच न्हाई."

फेब्रुवारी-मार्चविषयी फार लिहीत नाही. थालीपीठ, पिठलं, सांडगे झाले. कांदा-लसणाची चटणी थोडीच केली, मिरची कांडपावरून आणली तेव्हा मुलांना दूर ठेवलं, ठसक्यानं दोघांना त्रास झाला होता.

खर्चाचं सांगते, कारण मलाही आधी कुणी सांगितलं नव्हतं. बियाणं साडेसातशे, बारा खुरपी साडेआठशे, चार झाऱ्या सातशे, सुऱ्या, पाट, डबे आणि बरण्या दोन हजार, गॅस आणि किराणा मिळून साधारण तीन हजार, एसटीचं भाडं वेगळं. आठ हजारांच्या आत झालं. त्यातले दोन हजार समितीनं दिले, उरलेले माझे. शेणखत, लिंबं, तांदूळ, बाजरी, हे सगळं गावानं दिलं. पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. शनिवारचे दोन तास म्हटले तरी आदली संध्याकाळ तयारीत जाते.

शेवटचा शनिवार २९ मार्च, पाडव्याच्या आदल्या दिवशी. ऑक्टोबरात शेपूची एक ओळ आम्ही न काढता तशीच सोडली होती. तिला पिवळ्या छत्र्या येऊन बी धरलं होतं. भेंडीच्या आणि गवारीच्या शेंगाही झाडावरच वाळू दिल्या होत्या. मुलांनी बी झाडलं, पाखडलं, पाडव्यासाठी आणलेल्या कडुनिंबातला थोडा पाला सावलीत वाळवलेला होता तो घालून काचेच्या बाटल्यांत भरलं. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख. बाईंनी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.

सातवीची मुलं आता शेजारच्या गावच्या हायस्कूलला जाणार. भाकरी फुगवणारा तो मुलगा कागदाची पुडी घेऊन आला आणि मला नाही, मावशींना विचारलं, "चिमूटभर शेपू घेऊ? आमच्या उसाच्या सरीत टाकतो."

मावशी म्हणाल्या, "घे. पण वाफसा बघून टाक."

यंदाच्या परवानगीचा अर्ज मी एप्रिलमध्येच देऊन ठेवला आहे, पाचही कागद जोडून. आवक क्रमांक घेतला आहे.